कोतवार कोण आहे? इंदूरच्या खेड्यांतला जुना पोलीस गाव कसं ओळखतो

मागच्या वर्षी सोयाबीन काढणीच्या दिवसांत आमच्या शेतावरच्या विहिरीची मोटर चोरीला गेली. शेत म्हणजे फार काही नाही. इंदूरहून खंडवा रस्त्याला, घाट लागायच्या अलीकडे वडिलांनी घेऊन ठेवलेला जमिनीचा तुकडा, आंब्याची चार झाडं आणि ती विहीर. केबल तिरकी कापलेली, नटबोल्ट मात्र नीट खोलून कठड्यावर ओळीने ठेवलेले. मी घराजवळच्या शहरातल्या ठाण्यात गेलो. तिथे उत्तर मिळालं, "हे ग्रामीणमध्ये येतं, तिकडे जा."

संध्याकाळी मामांना फोन केला. मामा 40 वर्षं मध्य प्रदेश पोलिसात होते, आणि त्यातली बहुतेक वर्षं इंदूरच्या आसपासच्या ग्रामीण ठाण्यांत गेली. मोटर किती हॉर्सपॉवरची होती हे त्यांनी विचारलंच नाही. विचारलं, "त्या गावचा कोतवार कोण आहे?"

मला माहीत नव्हतं.

"बीटवर कोण आहे?"

तेही माहीत नव्हतं.

"मग त्या बाजूला चोरीची केबल कुठे जाते, हे तुला सांगणार कोण?"

या प्रश्नांमागे एक अख्खी व्यवस्था उभी आहे. राजवाड्याच्या चार किलोमीटरच्या परिघात वाढलेल्या आपल्यासारख्यांना तिची गंधवार्ता नसते. खेड्यातल्या जुन्या पोलिसाबद्दल लोक म्हणतात, "त्याला सगळं गाव ओळखतं." ते ओळखणं अंगभूत नसतं. ते नियमांनी, वह्यांनी आणि पायपिटीने तयार होतं. ते कसं, हे समजलं की आपली तक्रार घेऊन कुठे जायचं आणि काय मागायचं हेही आपोआप कळतं.

शहराचे पोलीस वेगळे, ग्रामीण वेगळे

डिसेंबर 2021 मध्ये इंदूर शहराला पोलीस आयुक्तालय मिळालं. त्या दिवसापासून जिल्ह्याचे पोलीस दोन व्यवस्थांत वाटले गेले. शहराची ठाणी आयुक्तांकडे गेली. देपालपूर, गौतमपुरा, बेटमा, सांवेर, सिमरोल, मानपूर, महू ही ठाणी ग्रामीणच्या पोलीस अधीक्षकांकडे राहिली.

हा फरक फक्त पाटीचा नाही. आयुक्तालयात काही दंडाधिकारी अधिकार पोलिसांकडेच असतात. ग्रामीण भागात ते महसूल खात्याकडे, म्हणजे एसडीएम (उपविभागीय दंडाधिकारी) आणि तहसीलदार यांच्याकडे राहतात. दोन भाऊबंद काठ्या घेऊन एकमेकांसमोर उभे आहेत आणि उद्या डोकी फुटतील अशी चिन्हं आहेत, तर ग्रामीण ठाणेदार त्यांच्याकडून शांततेचा जामीन स्वतः लिहून घेऊ शकत नाही. तो कागद तयार करतो, त्याला इकडे 'इस्तगासा' म्हणतात, आणि तो तहसीलदाराच्या किंवा एसडीएमच्या कोर्टात जातो. लोकांच्या तोंडी ही कारवाई, जुन्या 107 आणि 116 या कलमांवरून, अजून 'एकशेसात-सोळा' आहे. 1 जुलै 2024 पासून नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत तिचं कलम 126 झालं, पण गावात आजही कुणी 126 म्हणताना ऐकलं नाही.

म्हणून ग्रामीण ठाणेदाराची ओळख फक्त गावाशी असून भागत नाही. तहसीलचा बाबू, पटवारी (आपला तलाठी), वीज मंडळाचा लाइनमन, सरकारी दवाखान्यातले डॉक्टर, या सगळ्यांशी त्याचं रोजचं येणंजाणं असावं लागतं. जमिनीच्या भांडणात पटवाऱ्याचा नकाशा वेळेत मिळाला तर बांधावरचं भांडण बांधावरच मिटतं.

कोतवार म्हणजे कोण

पुण्या-साताऱ्याकडचे नातेवाईक आले की विचारतात, "तुमच्याकडे पोलीस पाटील कोण असतो?" महाराष्ट्रात 1967 च्या ग्राम पोलीस अधिनियमाने पोलीस पाटील आहे. मध्य प्रदेशात हे पद नाही. इथे आहे तो कोतवार. मध्य प्रदेश भू-राजस्व संहिता, 1959 च्या कलम 230 खाली त्याची नेमणूक होते. म्हणजे कागदोपत्री तो महसूल खात्याचा माणूस, पण गावातली खबर ठाण्यापर्यंत नेणारा दुवाही तोच. कुठे त्याला कसायला सेवाभूमी असते, कुठे मानधन. गावात डोंडी पिटतो तोही तोच, आणि हा शब्द आपल्या दवंडीचा सख्खा भाऊ वाटतो.

कायदा त्याच्यावर एक बंधन घालतो. गावच्या कारभाराशी संबंधित कामदाराने काही ठराविक गोष्टींची खबर दंडाधिकाऱ्याला किंवा जवळच्या ठाण्याला दिलीच पाहिजे. चोरीचा माल घेणारा कुणी गावात राहतो, संशयास्पद मृत्यू झाला, फरार माणूस येऊन गेला, अशा गोष्टी. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हे कलम 40 होतं, नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत 34 आहे. पंचायतीच्या सदस्यांवरही हे बंधन आहे, हे फार थोड्या सरपंचांना ठाऊक असतं.

ही पद्धत इंग्रजांनी 1861 चा पोलीस कायदा आणला त्याच्या कितीतरी आधीची आहे. माळव्यात बलाई या दलित समाजाकडे पिढ्यानपिढ्या गावची राखण होती. आपल्याकडे वेसकर आणि जागल्या करायचे तेच काम. अहिल्याबाईंच्या काळात विंध्याच्या घाटांतून जाणाऱ्या मालावर भिल्लांना 'भीलकवडी' नावाचा लहानसा कर घेण्याचा हक्क मान्य केला गेला, आणि बदल्यात वाटसरूंच्या सुरक्षेची जबाबदारी त्यांच्यावरच टाकली गेली. त्यांच्या हद्दीत चोरी झाली तर माल शोधून द्यायचा. ज्या घाटात आज आपण पावसाळ्यात धबधबे बघायला जातो, त्या मुलखात डोंगरातल्या माणसांना राखणदार करून वाट सुरक्षित करण्याचा हा मार्ग होता. मला यात अहिल्याबाईंच्या धोरणीपणाइतकंच भिल्लांच्या मुलखाच्या जाणकारीचं मोल दिसतं. ती जाणकारी बाहेरून आणता आली नसती.

बीट आणि वह्या

एका ग्रामीण ठाण्याखाली कित्येक गावं असतात. ती बीटमध्ये वाटलेली असतात आणि प्रत्येक बीटला एक आरक्षक, म्हणजे शिपाई, किंवा प्रधान आरक्षक नेमलेला असतो. आपल्याकडे ज्याला हवालदार म्हणतात तो प्रधान आरक्षक. ठाण्याचा प्रमुख निरीक्षक असेल तर सगळे त्याला 'टीआय (टाउन इन्स्पेक्टर) साहेब' म्हणतात, लहान ठाण्यात उपनिरीक्षकही प्रमुख असतो. त्यांच्या वर, शहरात जो सीएसपी (नगर पोलीस अधीक्षक) असतो त्याच्या जागी इकडे एसडीओपी, म्हणजे उपविभागीय पोलीस अधिकारी.

आता वह्यांकडे येऊ, कारण खरं ज्ञान तिथे साठतं. पहिली वही रोजनामचा सान्हा. ठाण्यात जे घडतं ते वेळेसकट त्यात उतरतं. कोण गस्तीवर गेलं त्याची 'रवानगी', कोण परत आलं त्याची 'वापसी', कुणी काय खबर दिली. आता हे संगणकावर चढतं, पण शब्द तेच आहेत. दुसरी, प्रत्येक गावाची गुन्ह्यांची नोंदवही. व्हिलेज क्राइम नोटबुक, ठाण्यात 'व्हीसीएनबी'. गावात कधी काय गुन्हे झाले, कुणाला शिक्षा झाली, कोणते वाद धुमसत आहेत, हे त्यात येतं. नवा अधिकारी रुजू झाला की त्याने ही वही वाचावी अशी अपेक्षा असते.

मामा म्हणतात, वहीत नाव असतं, नातं नसतं. अमक्याने तमक्याला मारलं हे लिहिलेलं असतं. पण मारणाऱ्याची बहीण त्याच घरात दिलेली आहे, आणि तिच्या माहेरच्या मानपानावरून आठ वर्षांपूर्वी लग्नात ताट भिरकावलं गेलं होतं, हे कुठल्याही रकान्यात बसत नाही. ते बीटवरच्या माणसाच्या डोक्यात असतं, आणि त्याची बदली झाली की त्याच्याबरोबर जातं. मला तर ही आपल्या ग्रामीण पोलीस व्यवस्थेतली सर्वांत मोठी गळती वाटते.

खाटेवर लिहिलेली तक्रार

मी सहावीत असताना उन्हाळ्याच्या सुट्टीत मामांच्या ठाण्याच्या क्वार्टरमध्ये राहायला गेलो होतो. एका दुपारी शेजारच्या गावातून निरोप आला. मेढेवरून, म्हणजे बांधावरून मारामारी झाली होती. मामा मलाही मोटारसायकलवर मागे बसवून घेऊन गेले. हे नियमात बसणारं नव्हतं, पण मामी माहेरी गेली होती आणि मला एकट्याला ठेवायचं कुठे?

लिंबाखाली एका खाटेवर एक म्हातारी बसली होती. कपाळाला फडकं बांधलेलं, त्यातून रक्त ओघळून भुवईत सुकलेलं. मामा खाटेच्या दुसऱ्या टोकाला टेकले, पाणी मागितलं, प्यायले, आणि मग विचारलं, "कंई हुयो, माजी?" आमच्या घरात चारी बाजूंनी मराठी बोलणारे मामा तिथे अस्खलित माळवी बोलत होते. मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

मग त्यांनी पॅडला कागद लावले, मध्ये कार्बन, आणि ती सांगेल तसं लिहायला लागले. लिहून झाल्यावर पुन्हा पहिल्यापासून तिला वाचून दाखवलं, सावकाश, माळवीत. मध्येच तिने हात वर केला. काठी मारणाऱ्याच्या डाव्या हातात नव्हती, उजव्या हातात होती. मामांनी तो शब्द खोडला, वर नीट लिहिला, बाजूला स्वतःची छोटी सही केली आणि तिथून पुढे पुन्हा वाचलं. शेवटी शाईच्या डबीत तिचा अंगठा बुडवून कागदावर टेकवला. तिने अंगठा पदराला पुसला. पदराच्या काठावर शाईचे आणखी दोन जुने डाग होते.

याला मध्य प्रदेशात 'देहाती नालसी' म्हणतात. फिर्यादी ठाण्यात येऊ शकत नसेल, तर पोलीस जिथे फिर्यादी आहे तिथे, शेतात, दवाखान्यात, खाटेवर तक्रार लिहून घेतो. ती शिपायाबरोबर ठाण्यात पाठवली जाते आणि तिथे तिला गुन्ह्याचा क्रमांक पडतो, म्हणजे 'असल कायमी' होते. कोर्टात पुढे वकील विचारतात की तक्रार किती उशिरा लिहिली आणि फिर्यादीला वाचून दाखवली का. त्या दुपारी मला वाटलं होतं मामा उगाच वेळ घालवताहेत. डावा-उजवा हात हा एक शब्द डॉक्टरच्या अहवालाशी जुळला नाही तर केस ढिली पडते, हे बऱ्याच वर्षांनी समजलं.

मुळं कुठली?

मामा मूळचे खेड्यातले नाहीत. आजोबा इंदूरच्या कापड गिरणीत होते, घर जुन्या इंदुरात, सकाळी पोहे आणि संध्याकाळी रामरक्षा. 1984 साली गिरण्यांचे दिवस फिरायला लागले होते. मामा 22 वर्षांचे होते, आरक्षक म्हणून भरती झाले. 2024 मध्ये उपनिरीक्षक म्हणून निवृत्त झाले.

इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी. शिपायाची नोकरी जिल्ह्याची असते, अधिकाऱ्याची राज्यभर फिरते. त्यामुळे ठाण्यात पंधरा-वीस वर्षांची ओळख असते ती बहुधा आरक्षकाची आणि हवालदाराची, साहेबाची नाही. निवडणुकीच्या आधी तर निवडणूक आयोगाच्या सूचनेनुसार निरीक्षक-उपनिरीक्षकांनाही स्वतःच्या गृहजिल्ह्यात ठेवत नाहीत, आणि गेल्या चार वर्षांत एकाच जिल्ह्यात (उपनिरीक्षक असेल तर एकाच उपविभागात) तीन वर्षं झाली असतील तरी हलवतात. कारण उघड आहे. ज्याचे साडू आणि चुलते तिथेच आहेत त्याच्यावर दबाव येणार.

उलट बाजूही आहे. ठाणेदार सहा महिन्यांत बदलला तर त्याला गावांची नावंसुद्धा पाठ होत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने 22 सप्टेंबर 2006 रोजी प्रकाश सिंह खटल्यात सांगितलं की ठाणे प्रमुखासकट अशा पदांवरच्या अधिकाऱ्यांना किमान दोन वर्षांचा कार्यकाळ मिळाला पाहिजे. राजकारण्याच्या एका फोनवर होणाऱ्या बदल्या थांबाव्यात हा हेतू होता. मला हा आदेश नागरिकांच्या दृष्टीने फार मोलाचा वाटतो, कारण स्थिर ठाणेदारालाच 'नाही' म्हणणं परवडतं.

ओळख दुधारी असते, हे मामा कधी लपवत नाहीत. गावात पोलीस जातो तेव्हा त्याला खुर्ची कुठे मिळते? पटेलाच्या, म्हणजे गावच्या प्रमुखाच्या, ओटल्यावर. चहा तिथे, बातमी तिथली, आणि मग गावाचं म्हणणं म्हणून तो जे ऐकतो ते पटेलाचं म्हणणं असतं. मामांनी स्वतःला एक शिस्त लावून घेतली होती. परतताना मोटारसायकल गावाच्या कडेच्या बलाई मोहल्ल्यात थांबवायची आणि तिथे चहा प्यायचा. पहिली दोन वर्षं तिथे कुणी काही बोललं नाही. तिसऱ्या वर्षी एका माणसाने सांगितलं की त्याच्या मुलाची वरात गावातून नेऊ देणार नाहीत. मामा वरातीच्या दिवशी पोलीस घेऊन गेले, आणि नवरदेव घोड्यावरून मंदिरासमोरून गेला. त्यानंतर पटेलाच्या ओटल्यावर काही महिने मामांना पाणी विचारलं गेलं नाही.

बायकांच्या तक्रारींचं तर आणखी वेगळं. ओटल्यावरच्या बैठकीत बाई येतच नाही. मध्य प्रदेश पोलिसांनी संशोधकांबरोबर 180 ठाण्यांत एक प्रयोग केला होता. काही ठाण्यांत महिलांसाठी वेगळा मदत कक्ष आणि त्यासाठी प्रशिक्षित कर्मचारी, बाकीच्यांत नेहमीची पद्धत. निष्कर्ष 2022 मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात छापून आले. कक्ष असलेल्या ठाण्यांत महिलांच्या तक्रारी अधिक नोंदल्या गेल्या, आणि कक्ष महिला अधिकाऱ्याकडे होता तिथे एफआयआर जास्त झाले. हेच कक्ष पुढे 'ऊर्जा' नावाने राज्यभर आले. जुना पोलीस कितीही माणसं जोडणारा असो, दारात एक बाई पोलीस बसलेली असणं ही गोष्ट त्याच्या ओळखीने भरून निघत नाही. मामांनीच हे मला सांगितलं.

आणि गौतमपुऱ्याचं हिंगोट युद्ध! दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी गौतमपुऱ्याचे तुर्रावाले आणि रुणजीचे कलंगीवाले मैदानात समोरासमोर उभे राहतात आणि हिंगोटाच्या पोकळ फळात दारू भरून पेटते बाण एकमेकांवर सोडतात. 2017 मध्ये त्यात एकाचा जीवही गेला. माणसं भाजतात, आणि परंपरा म्हणून पुढच्या वर्षी पुन्हा उतरतात. बंदोबस्ताला मोठी कुमक येते, पण दोन्ही बाजूंच्या म्हाताऱ्या खेळाडूंना नावाने हाक मारून मागे सारणारा असतो तो तिथलाच जुना हवालदार.

मग आपण काय करायचं

हद्दीवरून कुणी परत पाठवलं तर ऐकू नका. नव्या संहितेच्या कलम 173 प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची खबर कुठल्याही ठाण्यात देता येते. ते 'शून्यावर' नोंद करून योग्य ठाण्याकडे पाठवतात. मोबाइल किंवा ईमेलने दिली तर तीन दिवसांत जाऊन सही करायची. लिहिलेलं वाचून दाखवण्याचा आग्रह धरा, त्या म्हातारीसारखा हात वर करा. एफआयआरची प्रत फुकट मिळते. नोंदच केली नाही तर पोलीस अधीक्षकांना टपालाने लेखी कळवता येतं, आणि तिथेही काही झालं नाही तर दंडाधिकाऱ्याकडे जाता येतं. साठीच्या पुढच्या माणसाला, बाईला किंवा पंधराच्या आतल्या मुलाला साक्षीसाठी ठाण्यात बोलावता येत नाही, पोलिसाने घरी यायचं असतं.

चोरीत एक नवी बाब ध्यानात ठेवा. मालाची किंमत 5,000 रुपयांच्या आत असेल तर आता तो गुन्हा अदखलपात्र आहे, म्हणजे दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय पोलीस त्याचा तपास करू शकत नाहीत. म्हणून किंमत दाखवता यावी यासाठी मोटरचं बिल जपून ठेवा. आमचं बिल वडिलांच्या ट्रंकेत सापडलं.

मामांनी नोकरीच्या शेवटच्या वर्षात सगळी कलमं नव्याने पाठ केली. त्यांच्या स्वयंपाकघरात कालनिर्णयच्या मागे अजून तो कागद टाचलेला आहे. डाव्या बाजूला निळ्या शाईत 154, 174, 107, 151, आणि बाणाच्या पुढे लाल शाईत 173, 194, 126, 170.

दुसऱ्या दिवशी मी ग्रामीण ठाण्यात जाऊन एफआयआर केला आणि तिथून कोतवाराकडे गेलो. साठीचा माणूस, खांद्यावर गमछा. त्याने मला नाल्याच्या वळणावर नेलं. तिथे वावभर जागा काळी पडली होती, मातीत केबलच्या जळक्या प्लास्टिकच्या आक्रसलेल्या पट्ट्या. तांबं काढायला कुणीतरी रात्री केबल जाळली होती. त्याने धूर पाहिला होता आणि सकाळी बीटवरच्या आरक्षकाला फोन केला होता. आरक्षकाने रोजनामच्यात ते चढवलं होतं. तारीख पाहिली. ज्या दिवशी मला मोटर गेल्याचं कळलं, त्याच्या दोन दिवस आधीची.